समुद्राच्या तळाची वाटणी

"जमीन काय नव्यानं पैदा होत न्हाई, पोरी," असं चुलते भाऊबीजेच्या सकाळी म्हणाले आणि तिथेच फसले. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. माझ्यासमोर असलं बोलायचं नसतं.

धायरीच्या आमच्या शेतावर बिल्डरचा डोळा होता. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आई आणि दादाबरोबर माझंही नाव लागलं होतं. आमच्यात रीत अशी, की बहिणीनं भावाला ओवाळावं, साडी घ्यावी आणि हक्कसोडपत्रावर सही करून मोकळं व्हावं. नाहीतर माहेर तुटतं म्हणे. त्या दिवशी दादा पाटावर बसला होता, शेजारी साडी आणि साडीखाली तो कागद. केवढी ती सोय!

"होते की नव्यानं," मी म्हणाले. आणि कुणी विचारलं नव्हतं तरी सगळं सांगितलं.

महासागरांच्या तळाशी डोंगरांची लांबच लांब रांग आहे. तिच्या मधोमध तळ दोन्हीकडे ओढला जातो. खालचा खडक भयंकर तापलेला, पण वरच्या दाबानं घट्ट राहिलेला. तळ फाकला की तो वर सरकतो, दाब उतरतो आणि त्यातला थोडा वितळतो. जाळ कुणी वाढवलेला नसतो, फक्त डोक्यावरचं ओझं कमी झालेलं असतं. तो रस फटीतून वर येतो आणि गार पाणी लागताच उशांसारखे काळे गोळे होऊन थिजतो. जो खालीच अडकतो, तो सावकाश गोठतो. झाला नवा तळ. आमच्या विहिरीत दिसतो तसलाच काळा दगड. मग पुन्हा फट, पुन्हा रस. आपली नखं वाढतात साधारण त्या गतीनं, पण हे थांबत नाही.

दादा म्हणाला, इथं वर्ग घेऊ नकोस. चुलते मात्र हसले. मग तू समुद्रातली घे आणि ही त्याला सोड, म्हणाले. घरभर हशा पिकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काका, ती नवी जमीन रांगेच्या दोन्ही अंगांना जाते, जवळपास सारखी. एका अंगाला शेत आणि दुसऱ्याला साडी, असं तिथं चालत नाही. मी सही करणार नाही."

दादा पाटावरून उठला. मग पुढच्या वर्षापासून येऊ नकोस, म्हणाला. याच पाटावर त्याला लहानपणापासून ओवाळत आले होते. तरी कागदाकडे हात गेला नाही. जाणारही नव्हता.

आई इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराला हात पुसत ती पुढे आली.

"बस खाली," ती दादाला म्हणाली. "मी केली व्हती सही. भावांनी मागितली, मी हसत दिली. त्यानंतर एका तरी भाऊबीजेला मला न्यायला कुणी आल्यालं तू बघितलंस का?"

चुलत्यांनी उगाच टोपी काढून पुन्हा घातली. दादा खाली बसला.

मी ओवाळलं. साडी उचलली. कागद पाटाशेजारी होता तिथेच राहिला.