मेश्रामभाऊंची शिफ्ट मी विचारली नाही

“साहेब, मेश्रामची बाई आली. गोळ्या वापस करतो म्हन्ते,” रज्जाकभाईंनी औषधाच्या खिडकीतून मान वळवून सांगितलं.

रज्जाकभाई आमचे कंपाउंडर. दवाखाना घुग्घुसच्या बाजूला, एका उघड्या कोळसा खाणीचा. मी तिथला मेडिकल ऑफिसर. सकाळची ओपीडी भरात होती, बाहेरच्या बाकांवर माणसं खोकत बसली होती. मी बाईंना आत बोलावलं, पण बसा म्हणालो नाही.

सुनंदाबाई उभ्यानंच बोलल्या. “साहेब, ते झोपतच नाई. खाटेवर बसून पाय हालवत राह्यते. जीव घाबरते म्हन्ते, मळमळते म्हन्ते. याच्यापेक्षा पयले बरे होते.”

“गोळी रोज देता ना?”

“रोज. नास्ता झाला का लगेच. एक बी दिवस चुकवली नाई.”

“मग चालू ठेवा. सुरुवातीला असं होतं. मध्येच बंद करायची नाही.”

बाईंनी पाकीट पुन्हा पिशवीत टाकलं आणि गेल्या. आपण कसं ठामपणे सांगितलं, याचं मला थोडं कौतुकही वाटलं. मूर्खपणा होता.

गोष्ट होती त्यांच्या नवऱ्याची. देवानंद मेश्राम डंपर ऑपरेटर होते. खाणीतला डंपर म्हणजे रस्त्यावरचा ट्रक नव्हे. त्याच्या चाकाशी उभं राहिलं तर माणूस चाकापेक्षा बुटका दिसतो. केबिनमध्ये शिडी चढून जावं लागतं. हेल्पर म्हणून लागलेल्या मेश्रामभाऊंनी ती सीट परीक्षा देऊन मिळवली होती. मुलं कॉलनीत ‘डंपरवाल्याची’ म्हणून ओळखली जायची.

पाच दिवसांपूर्वी ते माझ्यासमोर बसून रडले होते. सहा महिने जेवण जात नव्हतं, कशात मन नव्हतं, शिडी चढताना छाती धडधडायची. “घरी सगळं बरं हाये साहेब. मंग मले काऊन असं होते?” कारण सापडत नाही, याचाच त्यांना जास्त त्रास होता.

मी म्हणालो, “नागपूरला मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवतो.”

“नाई साहेब. तिथी गेलो तं लोक पागल म्हनतीन.”

“बरं. मग मी औषध देतो, पण पंधरा दिवस सिक लावून घरी बसा.”

सिक म्हणजे आजारपणाची रजा. ते खुर्चीवरून उठलेच. “सिक नका लावू. कशाची सिक, ते टाइम ऑफिसात कळते. डंपरवरून काढतीन मले. बाकी तुमी म्हनान ते करतो.”

मला दया आली. मी सिक लावली नाही, कागदावर ‘अशक्तपणा’ लिहिलं आणि फ्लुओक्सेटिन सुरू केलं. त्या वर्षांत हे औषध आमच्याकडे नवंच होतं. उदासीवर चांगलं, पण गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. त्रास मात्र आधी येतो. मळमळ, झोप उडणं, बेचैनी. कुणाकुणाची घबराट तर आधी वाढते. बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. म्हणून रुग्णाला नीट समजवायचं, लवकर परत बोलवायचं आणि बेचैनी फार वाढली तर त्याला स्वतः तपासायचं. पुस्तकात हे सगळं होतं, मी वाचलंही होतं. झोप उडवतं म्हणून सकाळी द्यायचं, हेही. मी लिहिलं, ‘रोज सकाळी, नाश्त्यानंतर’. वर एवढंच म्हणालो, “थोडा त्रास होईल, बंद करू नका.”

बाई येऊन गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, उजाडता उजाडता, मेश्रामभाऊंचा डंपर खाणीच्या रस्त्याकडेच्या मातीच्या बांधावर चढला आणि कलंडला. जवळ दुसरं कोणी नव्हतं, नशीब. त्यांच्या उजव्या हाताचं हाड मोडलं. मी प्लॅस्टर घालत होतो तेव्हा ते कण्हलेही नाहीत. “डोया लागला, साहेब,” एवढंच म्हणाले. झोप अशी लागली होती, आठ दिवसांनी.

त्यांना पुढे पाठवल्यावर मी खुर्चीत बसून राहिलो. रज्जाकभाई चहा घेऊन आले.

“साहेब, त्याची नाईट चालू होती ना. मागच्या हप्त्यात बदली ऑपरेटर नव्हता, तं पुन्हा नाईटच लागली त्याले.”

“नाईट?”

“हो ना. सकाळी घरी यायचा, नास्ता करायचा, तुमची गोळी घ्यायचा न् झोपाले जायचा. बाई पोराईले शेजारी पाठवे, घरात आवाज नको म्हनून.”

अकरा वर्षं त्या कॉलनीत राहून शिफ्टच्या भोंग्यावर घड्याळ लावणारा माणूस मी. नाईट करून आलेला कामगार नाश्ता करून झोपतो, हे तिथल्या शाळकरी मुलांनाही माहीत होतं.

गोळीची वेळ बदलली असती तर सगळं सुटलं असतं, असंही नाही. ते औषध अंगात बरेच दिवस रेंगाळतं. पण शिफ्ट विचारली असती तर नाईट कळली असती. बाई सांगत होत्या की नवरा झोपत नाही. न झोपलेला माणूस रात्री डंपरवर चढतो आहे, एवढं कळलं असतं तर ते रागावले असते तरी मी सिक लावलीच असती. तेवढा अधिकार मला होता.

चौकशीत मी खरं सांगितलं, औषधासकट. त्याचा फायदा कुणालाच झाला नाही. मला वरून लेखी समज मिळाली. मेश्रामभाऊंची सीट गेली. हात जुळल्यावर त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. गोळ्या त्यांनी अपघाताच्या दिवशीच टाकून दिल्या होत्या. मी दोनदा क्वार्टरवर जाऊन म्हटलं, दुसरं औषध देतो, मी स्वतः नागपूरला घेऊन जातो. ते आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. पुढे नोकरी सोडून कुटुंब गावी गेलं.

काही वर्षांनी गडचिरोलीच्या बसस्टँडवर दोघं भेटले. मेश्रामभाऊ बाकावर होते, खूप वाळलेले. बोलत होत्या बाईच. घरीच असतात, कुठं जात नाहीत, औषधाचं नाव काढलं की उठून जातात. मी माफी मागितली. मेश्रामभाऊंनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

बस लागली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “साहेब, तुमी सांगतली तशीच घेतली होती ना मी गोळी?”

“तशीच घेतली होती, भाऊ. चुकलं माझं.”

त्यांनी मान हलवली आणि बाईंच्या मागे बसमध्ये चढले. चढताना दांडा डाव्या हातानं धरला.

आता मी नवीन रुग्णाला नावानंतर शिफ्ट विचारतो, मग दुखणं. शिक्षकालाही विचारतो, दुकानदारालाही. लोक हसतात. हसू देतो.