त्या घरचं पाणी

ये बाई, अशी जवळ ये, कान इकडं कर. या पत्रातनंच रागवायचंय तुला. तीन वर्षं फोनवर तोंड दाखवतीस अन् म्हणतीस, "आत्या, भेटलो की आपण!" असं भेटून कुणाचं पोट भरतं का?

मागं तू एक सांगितलंस, ते माझ्या डोक्यातून जातच नाही. तू अमेरिकेत सरकारी कॉलेजात शिकवतीस. दुसऱ्या राज्यात मोठी सभा होती, तुला बोलायचं होतं, अन् कॉलेजनं जायचा खर्चच दिला नाही. का, तर बाईनं बाईवर, पुरुषानं पुरुषावर जीव लावला तर त्या राज्यातला कायदा त्यांना कमी लेखतो. मग असल्या राज्यात सरकारी पैशानं कुणी जायचं नाही, असा तुमच्याकडचा हुकूम.

मी म्हणले, "बरोबर हाय की! आमी न्हाई का, अन्याव केलेल्या घरचं पाणी पीत नसतो? तसंच हे."

तू हसलीस. पण पुढचं सांगायचं माझ्यानं झालं नाही.

माझी थोरली बहीण पोखर्णीकडं दिलेली. सासरी लय छळ. एकदा वडील तिथून तसेच उठून आले, म्हणले, "आजपासून त्या घरचं पाणी हराम." मग आम्ही कुणीच गेलो नाही. गावात नाव झालं, काय बाणेदार माणसं! सासू गेल्यावर बहीण माहेराला आली. भाकरी थापता थापता मला म्हणली, "तुमी पाणी सोडलं, चांगलं केलं. पण ते पाणी मीच शेंदीत होते गं. आपलं माणूस आलं तर तांब्या द्यावा, म्हणून रोज वाटंला डोळे."

आता तो हुकूम उठवला म्हणतीस. न जाऊन तिथले कायदे काही बदलले नाहीत म्हणे. मग घरी न यायचा तुझा हुकूम कधी उठवतीस?

तू तुझ्या जोडीदारणीचा फोटो दाखवलास तवा माझा भाऊ, तुझा बाप, बोलला, "हिला घेऊन या उंबऱ्यात यायचं न्हाई." तू बॅग उचललीस. मी तिथंच डाळ निवडीत बसले होते. तोंडातून शब्द काढला नाही. त्याच्याइतकीच मी चुकले, हे आज लिहून देते.

तो रोज सकाळी माझ्याकडं चहाला येतो. तुझा फोन आला की टीव्हीचा आवाज बारीक करतो. विचारीत काहीच नाही, पण उठतही नाही.

त्याच्याकडं जा असं मी म्हणत नाही. त्यानं आधी तोंड उघडावं. पण माझं दार वेगळं, चूल वेगळी. ती पोरगी तिखट खाती का, तेवढं कळव. सुट्टी लागली की दोघी या. मला गुडघ्यांचा भरवसा नाही, लवकर या.