एकामागे एक, न बोलता

मार्चमध्ये, मंगळवारी, माझा नवरा ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये कोसळला आणि गेला. जूनमध्ये आम्ही झांबियाला जाणार होतो, जंगलात पायी फिरायला.

अशा सफारीत गाडी नसते. बंदूक घेतलेल्या वाटाड्याच्या मागून सगळ्यांनी एकामागे एक, न बोलता चालायचं असतं. आम्हा दोघांना चालताना गप्पा मारायची सवय, म्हणून त्याने सरावाची टूम काढली. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या घरामागच्या पायवाटेवर रोज संध्याकाळी तो पुढे आणि मी मागे. त्याने हात वर केला की थांबायचं. समोर बहुतेक वेळा खार असायची.

एकदा शेजारचे काका समोरून आले. आम्हाला गप्प पाहून म्हणाले, "काय हो, भांडलात वाटतं?"

नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला काका, सिंह आहे."

"अहो, सिंहीण तर तुमच्या मागेच आहे!"

त्या दिवशीचा सराव तिथेच संपला.

तो गेल्यावर मुलगी म्हणाली, "आई, यू शुड गो. बाबाला आवडलं असतं." मी बरेच दिवस विचार केला. परक्या माणसामागे मुकाट चालणं मला जमलं असतं. पण तंबूत परतल्यावर दिवसभर मनात साठलेलं कोणाला सांगायचं, ते सुचेना. शेवटी मी फोन करून बुकिंग कॅन्सल केलं.

आता त्या पायवाटेवर मी एकटी चालते. दमले की घरी येते.