पखवाज थांबेपर्यंत

असल्फ्याच्या टेकडीवर लवू धुरीला ओळखत नाही असं एक घर नव्हतं. निम्म्या बायकांच्या अंगावर त्याच्या हातचा ब्लाउज, आणि उरलेल्या निम्म्या त्याच्याकडे कापड घेऊन खेपा घालत असलेल्या. संपात गिरणी गेली तेव्हा चौदा वर्षं सूत कातायच्या थ्रॉसलखात्यात काढलेला हा माणूस रडत बसला नाही. घाटकोपर स्टेशनाजवळच्या एका टेलरच्या दुकानात जाऊन मशीनवर बसला आणि वर्षभरात मालकापेक्षा गिऱ्हाइकं त्याच्याच नावाने यायला लागली.

पण पोटाचं काम वेगळं आणि जिवाचं वेगळं. लवू दशावतारातली स्त्रीपार्टी होता. नऊवारी नेसून, अंबाड्यावर गजरा माळून तो राणी म्हणून उभा राहिला की म्हाताऱ्या बायका बोटं मोडून त्याची दृष्ट काढायच्या. दशावतारात लिहून दिलेलं काही नसतं. कथा सगळ्यांना ठाऊक, बोलायचं ते ज्याने त्याने उभ्या उभ्या. लवूला असं सुचायचं की समोरचा राजा पुढचं विसरून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा.

आपल्या माणसांची मोठी गंमत आहे. हाच लवू दहा वर्षांचा असताना आईची साडी गुंडाळून पडवीत नाचताना सापडला, तर बापाने त्याला फणसाला बांधून ओल्या शिरपुटीच्या छडीने सोलून काढला. मीठ चोळलं ते वेगळंच. आणि सात वर्षांनी तोच बाप जत्रेत पहिल्या रांगेत बसून शेजाऱ्याला कोपराने ढोसत होता, की राणी झालाय तो आमचा झील. साडी देवळापुढे नेसली तर कला, घरात नेसली तर शिरपूट! लवू हे कधी विसरला नाही आणि त्याने ते कधी माफही केलं नाही.

मुंबईत त्याला काशीराम भेटला. काशीराम गवस, दशावताराच्या कंपनीचा पखवाजवाला, बोटांचा जादूगार आणि बाकी सगळ्याच बाबतीत भित्रा. दोघं अकरा वर्षं टेकडीवरच्या एकाच खोलीत राहिले. एका गावचे दोन गडी एका खोलीत राहतात यात मुंबईत कुणालाच नवल वाटत नाही, आणि ते वाटत नाही म्हणूनच त्यांचं निभलं. लवू भाकऱ्या थापायचा, काशीराम पाणी भरायचा. संध्याकाळी काशीराम मांडीवर पखवाज घेऊन बसला की लवू शिलाई खाली ठेवून नुसता त्याच्या हातांकडे बघत बसे. त्याचा त्या माणसावर जीव होता, आणि तो लपवायची अक्कल त्याला नव्हती.

त्र्याऐंशी साली लवूने टेकडीखालच्या मैदानात तीन दिवसांचा मेळा सुरू केला. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत, सगळे जमिनीवर. लोक म्हणाले, निदान रुपया तरी लाव. लवू म्हणाला, "तिकीट काढलं ना, की पुढच्या खुर्चीवरच्याला वाटतं पदराला हात घालायचा हक्कच विकत मिळाला. फुकट बघा आणि हात मांडीवर ठेवा." हे तो अनुभवाने बोलत होता.

आणि त्या मेळ्यात कोण कोण यायचं! मुलुंडचा खंडू, दिवसा टेम्पो चालवणारा आणि स्टेजवर पायांत चाळ बांधून अशी लावणी नाचणारा की बायका लाजून तोंडाला पदर लावायच्या. देवनारकडच्या चार तृतीयपंथी, ज्यांना एरवी कुणी दारात उभं करत नसे, त्या इथे माइक धरून देवीची गाणी म्हणायच्या. बोरिवलीहून चंद्रप्रकाश नावाचा बँकेतला कारकून यायचा, चष्मा पुसत पुसत प्रेमाच्या कविता वाचायचा. त्या कुणासाठी लिहिल्या, हे इथे त्याला कुणी विचारत नसे. या माणसांना नाव कुणी दिलं नव्हतं. वर्षातून तीन दिवस त्यांना मान खाली घालावी लागत नव्हती, एवढंच. खानावळवाली शांताबाई सगळ्यांना जेवायला घालायची आणि जो वाकडं बोलेल त्याच्यावर पळीच उगारायची.

चौथं वर्ष मात्र पहिल्या दिवसापासून बिनसलं. शहाऐंशीच्या फेब्रुवारीतला तो शुक्रवार. खंडूची लावणी रंगात आली होती आणि मागून दगड आले. पहिला पडद्याला, दुसरा खंडूच्या कपाळावर. रक्त डोळ्यात उतरलं तरी तो गडी नाचत राहिला, गिरकी घेताना रक्ताचे थेंब पहिल्या रांगेतल्या पोरांच्या अंगावर उडाले. शांताबाई मागे धावली, पण तोवर दगड मारणारे बोळात पसार झाले होते.

शनिवारी दुपारी काशीरामचा थोरला भाऊ सहदेव टेकडी चढून आला. सहदेव देवनारच्या कत्तलखान्यात हमाली करायचा, खांद्यावर अख्खा बैल पेलेल असा माणूस, आणि कंपनीतला राक्षसही तोच. गेली दहा वर्षं तो स्टेजवर लवूवर तलवार उगारत आला होता आणि लवूच्या अंगावर त्याने ओरखडा उठू दिला नव्हता. पण त्या दिवशी सकाळी विक्रोळीच्या मुलीकडच्या लोकांनी काशीरामचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं, आणि का मोडलं ते सहदेवाला चार माणसांत ऐकवलं होतं.

दार लाथेने उघडलं. सहदेवाने आधी धाकट्या भावाला केसांना धरून भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. भिंतीवरचं देवाचं कॅलेंडर खाली आलं. लवू मध्ये पडला तर त्याच्या पोटात गुडघा बसला आणि तो चुलीपाशी जाऊन कोसळला.

"बोल! खरा काय ता बोल!" सहदेव भावाच्या छातीवर बसून ओरडत होता. "नायतर हयच मारून टाकतंय!"

काशीरामच्या नाकातून रक्त वाहत होतं. तो म्हणाला, "माझो काय दोष नाय, दादा. तोच माझ्या पाठी लागलो."

लवूने ते ऐकलं. पोटातली कळ तेवढ्यापुरती गेलीच म्हणायची. सहदेव थुंकून निघून गेला तेव्हा लवूने उठून काशीरामचं नाक ओल्या फडक्याने पुसलं. तो चिडला नाही असं नाही, पण भ्यालेल्या माणसावर चिडून करायचं काय?

रविवारी सकाळी कंपनीची वडीलधारी मंडळी जमली. शेवटच्या दिवशी दशावतार व्हायचाच होता, आणि राक्षस सहदेवच होता. शांताबाई लवूला म्हणाली, "येडा झालास काय रे? तो तुला जिता सोडायचा नाय. बंद कर तो खेळ."

"बंद केला तर दगड मारणारे जिंकले ना," लवू म्हणाला. "मग पुढच्या वर्षी ही माणसं जायची कुठे?"

आणखी एक गोष्ट होती, आणि लवू तिथेच फसला. त्यांच्या कंपनीत सोंगांच्या पेटाऱ्याची पूजा झाली, नारळ फुटला, की घरची भांडणं पेटाऱ्याबाहेर राहतात असा रिवाज होता. तोंडाला रंग लागला की तो माणूस सहदेव उरत नाही, राक्षस होतो, आणि राक्षस फक्त खेळातलंच मारतो. लवूची त्यावर बाळबोध श्रद्धा होती. सहदेवाने पेटाऱ्यापुढे सगळ्यांदेखत हात जोडले, तेव्हा लवूने मनातली भीती काढून टाकली.

तरी काजळ घालताना त्याने काशीरामला जवळ बोलावलं. खेळातलं युद्ध पखवाजावर चालायचं. पखवाज सुरू झाला की तलवारी सुरू, आणि तो थांबेपर्यंत कुणी थांबायचं नाही. राणी आधी खाली पडते, मग घाव येऊन जमिनीवर बसतो. तीन आवर्तनं झाली की पखवाज थांबतो आणि देवाचा प्रवेश होतो. सगळा जीव त्या पखवाजवाल्याच्या हातात.

"माका तुका काय विचारूचा नाय," लवू म्हणाला. "कालचा पण नाय. तीन आवर्तनां वाजव आणि थांबव. तेवढां कर."

"करतंय," काशीराम म्हणाला. त्याने लवूच्या डोळ्यांत बघितलं नाही, पण मान हलवली. अकरा वर्षांच्या बदल्यात लवूने एवढंच मागितलं होतं.

चार वाजता खेळ सुरू झाला. मैदान फुललेलं, पोरं कंपाउंडच्या भिंतीवर. लवूची राणी त्या दिवशी अशी बोलली की शांताबाई रडायला लागली. मग राक्षस आला. सहदेवाने आरोळी ठोकली, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि पखवाज घुमला.

पहिल्या घावाला लवू ठरल्याप्रमाणे आधी पडला. तलवार जमिनीवर बसायला हवी होती, ती त्याच्या मागोमाग आली. तलवार म्हणजे सागाची फळी, चांगली दोन बोटं जाड. खांद्यावर बसली. लवूला वाटलं, चुकून लागली. दुसरी बरगड्यांवर बसली तेव्हा त्याला कळलं. त्याने वर बघितलं. रंगाखाली सहदेवच होता, राक्षस नव्हताच.

लोक टाळ्या वाजवत होते. काय झकास मारामारी करतात, वा! फळी खाली येत होती आणि लवू लोळत होता, लुगडं सुटत होतं, तोंडात माती आणि रक्त. "बायल्या!" सहदेव दातांतल्या दातांत म्हणत होता, प्रत्येक घावाबरोबर, "माझो भाव खाल्लंस! माझो भाव!" तिसरं आवर्तन संपलं. लवूने डोकं दोन्ही हातांत झाकलं आणि पखवाज थांबायची वाट पाहिली.

पखवाज थांबला नाही.

चौथं सुरू झालं. देव पडद्याआड शंख घेऊन उभा होता, पण पखवाज थांबल्याशिवाय देवालाही प्रवेश नाही. लवूने मान वळवून बघितलं. काशीराम डोळे घट्ट मिटून वाजवत होता, घामाने निथळत, वेड्यासारखा, आणि लय वाढत होती. त्याला थांबायची भीती वाटत होती. थांबला असता तर तो कुणाच्या बाजूचा ते भावाला दिसलं असतं.

पाचव्या आवर्तनात लवूचं डावं मनगट मोडलं. आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. मग त्याच्या आत काहीतरी पेटलं. फणसाला बांधलेला पोरगा म्हणा, नाहीतर राणी म्हणा, पण तो गुडघ्यांवर उठला. खाली येणारी फळी त्याने उजव्या हाताने धरली, हिसकली आणि सगळ्या ताकदीने सहदेवाच्या तोंडावर हाणली. नाक फुटलं. राक्षस दोन पावलं मागे गेला, तसा लवूने त्याच्या गुडघ्यावर दुसरा घाव हाणला आणि तो बैल खाली बसला. कथेत राणी राक्षसाला मारत नाही. पण दशावतारात लिहिलेलं असतंच काय? अख्खं मैदान उभं राहिलं. देवनारच्या त्या चौघी टाळ्या पिटत ओरडत होत्या, "मार बाई, मार!"

लवूने तिसरा घाव घातला नाही. त्याने फळी टाकली आणि पखवाजाकडे चालत गेला. पखवाज वाजतच होता. काशीरामचे डोळे अजून मिटलेलेच होते. लवू त्याच्यापुढे खाली बसला. उजवा हात सुटलेलं लुगडं सावरण्यात अडकला होता, म्हणून त्याने मोडलेला डावा हात उचलला आणि पखवाजाच्या तोंडावर ठेवला, तो आवाज बंद व्हावा म्हणून.

काशीरामने बघितलं नाही. त्याची थाप त्या हातावर पडली. पहिली पडली, आणि कातड्याऐवजी मऊ काहीतरी लागतंय हे त्या जादूगार बोटांना कळायला हवं होतं. कळलंही असेल. तरी दुसरी पडली.

मग त्याने डोळे उघडले.

पखवाज थांबला. सहदेवाचे घाव लवूला पुढे कधी आठवले नाहीत, विचारलं तर तो म्हणायचा, लागलं असेल कुठेतरी. त्या दोन थापा मात्र तो मरेपर्यंत विसरला नाही. काशीरामचे ओठ हलले, पण लवूने त्याला बोलू दिलं नाही.

"पुरे," तो म्हणाला. राणीच्या आवाजात नाही, स्वतःच्या. मग पडद्याकडे तोंड करून ओरडला, "देवा, ये आता. झालं आमचं."