ऑर्व्हिलचं एकमेव वाक्य

लोन पाइनच्या टेकड्यांत काउबॉयपटाचं चित्रीकरण असलं की ऑर्व्हिल टॅकेट हमखास मरायचा. वीस वर्षं त्याचा धंदाच तो. बंदूक वाजली की त्याची घोडी बिस्किट शिकवल्याप्रमाणे आडवी पडायची आणि हा तिच्यावरून थेट धुळीत. पडद्यावर मात्र त्याच्या तोंडून कधी एक शब्द निघाला नव्हता.

"माझ्या बहिणीला वाटतं, तू मुकाच आहेस," त्याची बायको व्हेल्मा म्हणायची.

अखेर त्याला एक वाक्य मिळालं. दौडत येऊन शेरीफला सांगायचं, "ते खिंडीकडे गेले." महिनाभर तो तबेल्यात, न्हाणीघरात, जेवताना तेच घोकत होता.

"गेले तर जाऊ देत. बटाटे वाढू का?" व्हेल्मा म्हणाली.

चित्रीकरणाच्या दिवशी तो ऐटीत दौडत आला. ठरल्याप्रमाणे मागून कुणी तरी बार काढला. आज मालकाला जगायचंय, हे बिस्किटला कोण सांगणार? ती नेहमीसारखी आडवी झाली. कॅमेरा चालूच होता. वाक्य हातचं जाऊ नये म्हणून ऑर्व्हिलने धुळीतूनच मान उचलली आणि शेरीफला सांगितलं, "ते खिंडीकडे गेले."

"झकास," दिग्दर्शक म्हणाला. "तसाच राहा. आता मर."

ऑर्व्हिल मेला. ते त्याला येतच होतं.

सिनेमा लागल्यावर व्हेल्मा बहिणीला घेऊन गेली.

"बोलतो की गं," बहीण म्हणाली. "पण बोलला आणि लगेच गेला."

"म्हणून तर घरी मी त्याला फार बोलू देत नाही."