साबणाची चौकशी

संक्रांतीचं वाण म्हणून माझ्याकडे जमलेल्या प्लास्टिकच्या वस्तूंवर एखादं छोटं दुकान चाललं असतं. डब्या, चाळण्या, साबणदाण्या, एका वर्षी तर तीन घरांतून तोच गुलाबी चमचा. दर वर्षी कुरकुरत मी ते सगळं माळ्यावर टाकायचे. गेल्या वर्षी ठरवलं, आपल्या हळदीकुंकवाला असलं काही लुटायचं नाही. साबण द्यायचा, पण असा, की ज्याच्यामागे कुणाचं वाईट झालेलं नाही.

हे वाक्य मी सोसायटीच्या ग्रुपवर जसंच्या तसं टाकलं होतं. आता आठवलं की कान तापतात.

मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचायची मला खोडच आहे. एक वही केली, चार ब्रँड घेतले आणि रकाने आखले. तेल कुठलं, वेष्टन कागदाचं की प्लास्टिकचं, सांडपाणी कुठे जातं, प्राण्यांवर चाचणी करतात का. सशांच्या डोळ्यांत काय काय घालून बघतात ते वाचलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कंपन्यांना मेल लिहिले, उत्तरं आली की उलट प्रश्न विचारले. नवरा म्हणाला, "साबण घेतेयस की मुलीसाठी स्थळ बघतेयस? पत्रिका तेवढी राहिली." मी हसले नाही. शेवटी वहीत एकच ब्रँड टिकला. हाताने बनवलेल्या वड्या, कागदी वेष्टन, कोपऱ्यात चिमुकला ससा आणि खाली 'स्थानिक महिलांना रोजगार' अशी ओळ. त्या ओळीपुढे मी बरोबरची खूण दोनदा केली आणि चाळीस वड्या मागवल्या.

हळदीकुंकवाला आमच्या मावशी आल्या. आमच्या म्हणजे, सहा वर्षं आमच्याकडे पोळ्या करत होत्या. वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी मावशी. पोळ्या लाटणारी बाई आपल्याकडे अशीच एकदम मोठी होते. मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा मार्केटात माथाडी, घर शिरवण्याला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी आमचं काम सोडलं ते पेढे देऊन. "कंपनीत लागले, ताई." बसून काम, रविवारी सुट्टी, गळ्यात ओळखपत्र. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावापुढे 'नोकरी' लिहिलेलं होतं, त्याचा फोटो काढून त्यांनी मला मोबाइलवर दाखवला होता. कंपनी कसली, हे मी विचारलं नव्हतं.

हळदकुंकू लावून मी अत्तराची बाटली उघडली. पालथ्या हाताला बोट टेकवायचं म्हणून त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो मागे ओढला.

"नगं, ताई. चुरचुरतंय."

बोटांच्या पेरांवर कातडी फुटून लाल चिरा पडल्या होत्या. अंगठ्याजवळ सालपटं निघत होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी वाणाची वडी घेतली, उलटी करून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "आवो ताई, ह्यो तर आमचाच साबन. ही घडी बगा. दोनी टोकं आत जात्यात ना, ती मीच घालते." शेजारणींनी कौतुक केलं. एकीने त्यांच्यासोबत आणि वडीसोबत सेल्फी काढला. मला धड हसताही येईना.

गर्दी जरा कमी झाल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं. हातमोजे देत नाहीत का, विचारलं.

"दिलं व्हतं पैल्यांदा. फाटलं. आन ते घालून वडी निसटती, कागदाची घडी बसत न्हाय. वड्या नीट सुकू दिल्या तर येवढं व्हत न्हाय. औंदा संक्रातीच्या ऑर्डरी लई, म्हनून आमच्या शिरवन्याच्या गाळ्यात वल्याच आल्या कडा तासायला."

त्या ऑर्डरींत चाळीस वड्या माझ्या होत्या.

"कुनाशी बोलू नका हां, ताई," त्या निघताना म्हणाल्या. "माझं बरं चाललंय तितं."

मी "बरं" म्हणाले.

पण ते काही मनातून जाईना. प्रॅक्टिकलला एखादा पोरगा हातमोज्यांशिवाय कॉस्टिक सोड्याच्या बाटलीला शिवला, तर मी त्याला वर्गाबाहेर उभा करते. ओल्या साबणात शिल्लक राहिलेला क्षार कातडीचं काय करतो, हे दर वर्षी फळ्यावर लिहून देते. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगाच नाही. वही काढून पाहिली. सशासाठी एक अख्खं पान होतं. साबण बनवणाऱ्या हातांसाठी रकानाच नव्हता. मला स्वतःचा राग आला, आणि स्वतःचा राग आला की मी दुसऱ्या कुणाला तरी पत्र लिहिते.

दोन दिवसांनी कंपनीला मेल केला. बायकांना चांगल्या मापाचे हातमोजे द्या, वड्या पूर्ण सुकल्याशिवाय हातात देऊ नका, एकदा डॉक्टर बोलवा, एवढंच मागितलं. मावशींचं नाव घातलं नाही. नाव घातलं नाही म्हणजे शब्द मोडला नाही, अशी मी माझी समजूत घातली. शिरवण्याचा गाळा मात्र लिहिला. नाहीतर त्यांना कळणार कसं?

उत्तर चारच दिवसांत आलं. असं घडणं आमच्या मूल्यांत बसत नाही, या गाळ्याबरोबरचं काम आम्ही तातडीने थांबवत आहोत, तुमच्यासारख्या जागरूक ग्राहकांचे आभार. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

"थांबवत आहोत म्हणजे?" तो म्हणाला. "आणि हातमोजे?"

मी मेल पुन्हा वाचला. त्यात हातमोज्यांचा शब्दही नव्हता. मी लगेच दुसरा मेल केला, की काम थांबवू नका, सुधारा. त्यालाही आभारांचं उत्तर आलं. तिसऱ्याला आलंच नाही.

तीन आठवड्यांनी मावशी दारात उभ्या राहिल्या. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. गाळा बंद पडला होता, अकरा जणी घरी बसल्या होत्या. "पोळ्यांचं काम हाय का, ताई, कुटं?" आमच्याकडे तोवर दुसरी बाई लागली होती. मी चहा टाकला. त्या ओट्याशी टेकून उभ्या होत्या, पूर्वी उभ्या राहायच्या तशाच.

"कुनी तरी गिऱ्हाइकानं तक्रार केली म्हने," त्या म्हणाल्या. "कोन आसंल वो?"

"कोण जाणे," मी म्हणाले, आणि चहात साखर घालायला वळले.

वीस वर्षं मी मुलांना निरीक्षण खोटं लिहायचं नाही म्हणून बजावत आले आहे. माझ्या तोंडून ते दोन शब्द इतक्या सहज कसे निघाले, याची मला आजही भीती वाटते. नंतर ओळखीपाळखीतून सीवूड्सला त्यांना दोन घरची भांडी मिळवून दिली. त्याबद्दल त्यांनी दोन वेळा माझे उपकार मानले. दोन्ही वेळा मी विषय बदलला.

यंदा वाणाला स्टीलचे चमचे आणले. कुठे बनतात, कोण बनवतं, कशाचीही चौकशी केली नाही.

मावशी सीवूड्सची कामं आटपून थेट आल्या. मी हळदकुंकू लावलं. अत्तराची बाटली शेजारीच होती, पण मी चमचा उचलायला लागले. तेव्हा त्यांनी आपण होऊन पालथा हात माझ्यापुढे धरला.

"लावा की, ताई. आता न्हाय चुरचुरत."

चिरा सगळ्या भरून आल्या होत्या. अंगठ्याजवळ नवी कातडी आली होती. सांगायचं असेल तर आत्ताच, असं मनात आलं. मी त्या हाताला अत्तर लावलं, वाण दिलं आणि पुढच्या बाईला कुंकू लावायला वळले.