प्रदर्शनातली अन्नपूर्णा

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही. मी तेव्हा माळव्यात, धारला फौजदार होतो. साधा शिपाई म्हणून लागून, कोणाच्या शिफारशीवाचून तिथवर पोहोचलो होतो. गावात कलावस्तूंचे प्रदर्शन भरले होते. चित्रे, जुनी शिल्पे आणि मोठ्या घरांनी दाखवायला दिलेल्या वस्तू. आठवड्यातला एक दिवस फक्त बायकांचा असे. शाळेच्या बाई त्यांना चित्रे समजावून सांगत. पुरुषांना आत मज्जाव.

अशाच एका दिवसानंतर चांदीची छोटी अन्नपूर्णा नाहीशी झाली. ती ज्या सरदारांनी दिली होती, त्यांनी फिर्याद नोंदवली. पाठोपाठ प्रदर्शनाच्या कारकुनाने खबर दिली, की बायका गेल्यावर पहारेकरी आत एकटाच होता. मी त्याला ठाण्यात आणले.

"बोल, कुठं विकलीस?" मी टेबलावर हात आपटला.

"साब, म्हूं तो दीवा बुझावा ग्यो थो. मूरत के हात बी नी लगायो!"

हवालदार बाह्या सारत म्हणाला, "दोन ठेवून देऊ का, भिया?"

"मी तुझा भिया नाही, फौजदार आहे. आणि त्याला हात लावायचा नाही."

खोटे बोलणारा माणूस गोष्ट लांबवतो. हा दिवे विझवायला गेलो होतो, मूर्तीला हातही लावला नाही, एवढेच पुन्हा पुन्हा सांगत होता. मी परत जागा पाहायला गेलो. शेजारची सोन्याची अत्तरदाणी जागच्या जागी होती. मूर्तीच्या जागी मखमलीवर तांदळाचे काही दाणे पडले होते.

"चिमण्यांनी आणले असतील," कारकून म्हणाला.

"निवडलेले, अख्खे तांदूळ? हुशार आहेत तुमच्या चिमण्या."

आमच्याकडे लग्नात आई मुलीला अन्नपूर्णा देते. देव्हाऱ्यात ती तांदळातच ठेवतात. चोर कशाला तांदूळ घेऊन येईल? मी तडक सरदारांकडे गेलो.

"मूर्ती नक्की कोणाची?"

"आमच्या घराण्याची. हे काय विचारणं झालं?"

दाराआडून त्यांच्या सूनबाईंचा आवाज आला. "घराण्याची नव्हे, मामंजी. माझ्या आईनं दिलेली आहे. मला न विचारता दिलीत, तांदळावाचून उभी केलीत. मी वाटीत तांदूळ नेले आणि तिला घेऊन आले. पहारेकऱ्याला धरल्याचं मला आत्ता कळतंय. त्याला सोडा."

सरदारांनी मला बाजूला घेतले. "घरच्या अब्रूचा प्रश्न आहे. त्या पहारेकऱ्यालाच राहू द्या आत. तुमच्या बढतीचं मी बघतो."

माझी आई हाटात भाजी विकायची. भाव करायला मी तिच्याकडून शिकलो; राग मात्र माझा स्वतःचा. "आपली वस्तू आपण नेणं ही चोरी नव्हे," मी म्हणालो. "सूनबाईंच्या जबानीसकट तसं वर कळवू? की मूर्ती घरीच सापडली असं लिहून देता? फिर्याद मागं घ्यायची, आणि मूर्ती त्यांच्याजवळच राहील."

त्यांनी लिहून दिले. पहारेकरी त्याच संध्याकाळी पुन्हा दिवे लावायला रुजू झाला.

बढती सरदारांच्या भाच्याला मिळाली, मला दूर आडरानातल्या गंधवानीला पाठवले. लोक म्हणतात, झाले गेले सोडा. का सोडू? ती जागा माझी होती.

एक मात्र शिकलो. पुढे चोरीची फिर्याद आली, की वस्तू कोणी नेली हे विचारण्याआधी ती मुळात कोणाची, हे मी विचारत असे. फिर्यादी बहुधा चिडत. मी त्यांना चिडू देत असे.